वेचणी

आमच्याकडे कापूस तोडत नाहीत, वेचतात. मोहाची फुलं वेचतात, धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची बोरं वेचतात, पेरणीच्या आधी वावरातले गोटेसुद्धा वेचतात. वाकायचं, एकेक करून उचलायचं, बोटांनी आणि डोळ्यांनी मिळून. त्यामुळे नागपूरच्या भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, सुट्टीत फॉसिल हंटिंगला नेशील?" तेव्हा मला तो शब्द खटकला. शिकार पळणाऱ्याची करतात. जे कोट्यवधी वर्षं जागचं हललं नाही त्याची शिकार कसली करायची? मी म्हटलं, "ये. वेचायला जाऊ."

भाची सातवीत गेली, तिचा भाऊ तिसरीत. मागच्या हिवाळ्यात दोघं आईबापांबरोबर जैसलमेरला जाऊन आली होती. तिथे आकल नावाच्या ठिकाणी १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे जाळीत ठेवलेत, ते पाहून आली. तेव्हापासून भाचीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती की जीवाश्म असतात ते वाळवंटात. तिच्याकडच्या पुस्तकांतही तसंच होतं. मंगोलियातलं गोबीचं वाळवंट, तांबडे कडे, टोप्या घातलेले शास्त्रज्ञ, आणि १९२३ साली तिथे सापडलेली डायनासोरची अंडी. "तुमच्या गावाला तर सगळीकडे शेतंच आहेत, मग दिसणार कसं?" असा तिचा प्रश्न होता, आणि प्रश्न बरोबर होता.

वाळवंटात जीवाश्म जास्त असतात असं काही नाही. तिथे ते दिसतात, कारण जमीन उघडी असते. वर माती नाही, झाडोरा नाही, पीक नाही. वारा वरचं उडवून नेतो आणि खालचं उघडं पडतं. आमची जमीन वर्षातले आठ-नऊ महिने झाकलेली असते. सोयाबीन, पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, मग गहू-हरभरा. पण होळी झाली, हरभरा निघाला, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या, नांगरटी झाली, की मृग लागेपर्यंत आमचंही वाळवंट असतं. पारा ४५च्या वर जातो, ढेकळं भाजून निघतात, क्षितिजापर्यंत हिरवं पान दिसत नाही. आणि मेच्या शेवटी एखादा वळवाचा पाऊस येऊन गेला की नांगराने वर आणलेले गोटे धुऊन स्वच्छ होतात. वेचायला जायचे दिवस ते. वळीव आणि पेरणी यांच्या मधले सात-आठ दिवस, फार तर दहा.

मी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन वर्धा-चंद्रपूरच्या सीमेवरच्या या गावात आले. नोकरी कधी केली नाही. पण या मातीखाली काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि ते एकटीने ठाऊक असून चैन पडत नव्हती. म्हणून दर उन्हाळ्यात शेजारपाजारची पोरं गोळा करते. या वर्षी भाचा-भाची धरून पाच जण होते. शेजारची सहावीतली पोरगी, गायक्याचा, म्हणजे गावची गुरं चारणाऱ्याचा, पाचवीतला पोरगा आणि त्याच्या मागे मागे येणारा त्याचा लहान भाऊ, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि ज्याला परत पाठवणं कोणाला जमलं नाही.

पहिल्या दिवशी लांब नेलं नाही. गावाला लागूनच्या वावरात नवी विहीर खणली आहे, तिथे नेलं. साडेपाचला निघालो, कारण नऊनंतर पोरांना उन्हात ठेवायचं नाही हा माझा नियम. प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली, आणि एकेक काडी. काडी अशासाठी की गोटा उचलायचा झाला तर आधी काडीने उलथायचा. उन्हाळ्यात विंचू गोट्याखालीच गारवा शोधतो.

विहिरीच्या काठावर पोरांना पोटावर झोपवलं आणि आत बघायला सांगितलं. ज्याला विदर्भाचा इतिहास शिकवायचा आहे त्याने नव्या विहिरीत डोकावून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो वर आला आणि पाण्यासारखा पसरला, एकदा नाही, थरावर थर. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत तो डोंगराएवढा जाड. आमच्याकडे म्हणजे त्याच्या पूर्वेच्या कडेला, तो पातळ होत होत संपतो. पोळी कडेला पातळ असते तशी. आणि कड पातळ असल्यामुळेच तिच्याखालचं आमच्याकडे डोकावतं.

पण विहिरीत बघण्यासारखी खरी गोष्ट पाषाणाच्या मधोमध असते. विहीर खणणारे गडी सांगतात, "पाषाण लागला, सुरुंग लावले, अन् मधेच हातभर नरम लागलं, मग पुन्हा पाषाण." ते नरम म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधला काळ. एक थर आला, थंड झाला, मग पुढचा येईपर्यंत कधी हजारो वर्षं मध्ये गेली. तेवढ्या वेळात त्या काळ्या पाषाणावर तळी साचली, तळ्यात शेवाळ आलं, गोगलगाई आल्या, काठाला ताडासारखी झाडं वाढली, मासे आले. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. गडी ते नरम उकरून वर टाकतात, आणि विहिरीच्या बाजूला त्याचा ढीग पडतो. तो ढीग आमचा खजिना.

भाचीने पहिल्या दहा मिनिटांत सोळा फोटो काढले आणि एकही जीवाश्म तिला दिसला नाही. भाच्याने तर रडायला सुरुवात केली, कारण त्याला वाटलं होतं हाडं वर पडलेली असतील. शेजारची पोरगी मात्र ढिगाच्या एका कोपऱ्यात उकिडवी बसली होती. तिने काही न बोलता माझ्या तळहातावर एक पांढुरका खडा ठेवला, बोटाच्या पेराएवढा. शंख होता. आत गारगोटी भरलेली, वरची वळणं स्पष्ट.

त्या शंखाचं नाव फायसा प्रिन्सेपी. १८४० मध्ये त्याला हे नाव मिळालं. गोड्या पाण्यातली गोगलगाय ही. तिची एक खूण आहे, ती मी पोरांना करून बघायला लावली. शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंड कोणत्या हाताला येतं? गायक्याच्या पोराने पावसाळ्यात नाल्यातून आणून डबीत ठेवलेले शंख घरून पळत जाऊन आणले. ते सगळे उजव्या हाताचे. हा डाव्या हाताचा. मग पाचही जण ढिगावर तुटून पडले, आणि तासाभरात अकरा डावे शंख निघाले. काही नुसते ठसे होते, काही आतून कापल्यासारखे, जिन्याच्या पायऱ्यांसारखी वळणं दाखवणारे. बोलावलं नव्हतं त्या लहानग्याला त्यातले चार सापडले. त्याचे डोळे जमिनीपासून जवळ, एवढंच कारण असेल. पण त्या दिवसापासून त्याला परत पाठवायचं कोणी नाव काढलं नाही.

इतकी वर्षं नेते आहे, तर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ज्या पोरांच्या हाताला वेचायची सवय आहे त्यांना जीवाश्म आधी दिसतात. कापूस वेचताना बोंडात खराब कापसाची कवडी अडकलेली असते, किडकं बोंड असतं, वाळलेलं पान चिकटलेलं असतं. त्यातून स्वच्छ तेवढा कापूस ओढायचा असतो. शेकडो सारख्या गोष्टींत एक वेगळी ओळखायची ही शिकवणी त्यांच्या डोळ्यांना आईच्या मागे मागे फिरूनच मिळते. याच पोरांना शाळेत 'एकाग्रता नाही' असा शेरा मिळतो. शेजारच्या पोरीच्या प्रगतिपुस्तकावर तो मी स्वतः वाचला आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तिनेच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शिस्त लावली. निंदणाला बायका पात धरतात, म्हणजे प्रत्येकीने आपली ओळ धरून पुढे जायचं, मधलं काही सुटू द्यायचं नाही. तिने पाच पाती ठरवल्या, काड्या रोवून खुणा केल्या, आणि तोंड उगवत्या सूर्याकडे करून चालायला लावलं, कारण समोरून तिरपं ऊन आलं की बारीक उंचवट्याचीही सावली पडते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिला कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "हरवलेली बाळी आमी अशीच शोधतो ना, काकू."

किती जुनं हे सांगणं सगळ्यात अवघड. कोटी हा आकडा मोठ्यांनाही कळत नाही, नुसता तोंडात येतो. मी पट्टी काढते आणि एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरते. भाच्याचं वय आठ, म्हणजे त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढंही नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४चा, म्हणजे इथून हातभरही लांब नाही. आणि हा शंख? पोरं वावराच्या टोकाकडे बोट दाखवतात, मग गावाच्या वेशीकडे. मी सांगते, ६६ किलोमीटर. एस.टी.ने दीड तास. गायक्याचा पोरगा बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला आणि मग रस्त्याकडे. त्याने फक्त एवढं विचारलं, "अन् एवढ्या सगळ्या रस्त्यात माणूस कोठून लागते?" मी म्हटलं, आपल्यासारखी माणसं शेवटच्या तीनेकशे मीटरला. तो म्हणाला, म्हणजे फाट्यापासून घरापर्यंत. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

या मातीतले जीवाश्म पहिल्यांदा जगाला दाखवणाऱ्यांत एक स्कॉटिश मिशनरी होता, स्टीफन हिस्लॉप. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. १८४५ मध्ये तो नागपूरला आला, आणि रॉबर्ट हंटर या सोबत्याबरोबर आसपासच्या टेकड्या आणि नाले त्याने पालथे घातले. टाकळीजवळचे शंख आणि बिया, कामठीकडची पानांचे ठसे असलेली फरशी, वर्धेच्या खोऱ्यातले प्राणी, असं बरंच काही त्याने गोळा केलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची पुरातन शिळावर्तुळं बघून घोड्यावरून जाताना पुराच्या नाल्यात तो बुडाला. ही गोष्ट सांगितली की शहरातली पोरं विचारतात, त्याने गोळा केलेल्या वस्तूंचं काय झालं? माझ्या अंगणात गायक्याचा पोरगा म्हणाला, "भादव्यात नाल्यात घोडं नाही घालाव." आणि गप्प बसला. त्याच्या बापाचा एक बैल असाच गेला आहे. मीही पुढे काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र काळीपिवळी जीप ठरवून पिसदुऱ्याला गेलो.

पिसदुरा हे वरोरा तालुक्यातलं लहानसं गाव. भूशास्त्राच्या जगात त्याचं नाव दीडशे वर्षांपासून आहे. इथे पाषाणाच्या खालचा, लाव्हा येण्याच्या आधीचा थर उघडा पडतो. त्याला लमेटा म्हणतात. लालसर-हिरवट चिकणमाती, ओली झाली की पायाला वहाणेसारखी चिकटणारी. इथे टायटनोसॉर जातीच्या लांब मानेच्या डायनासोरची हाडं मिळाली, कासवांच्या पाठीचे तुकडे मिळाले, आणि एका मोठ्या सापाचे मणके मिळाले. २०११ मध्ये त्या सापाला शास्त्रज्ञांनी मॅडसोइया पिसदुरेन्सिस असं नाव दिलं. हे मी गाडीत सांगितलं तर गायक्याच्या पोराला पटेना की गावाचं नाव सापाला देतात. "मंग आपल्या गावाचं काऊन नाही?" मी म्हटलं, आपल्याकडे अजून कोणी नीट वेचलं नाही म्हणून.

वावरात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारायचं, हा दुसरा नियम. मालक सत्तरीचे. त्यांनी आमच्याकडे आणि पोरांकडे बघून विचारलं, "कायले आले जी एवढ्या उन्हात?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. आमच्या पुढे चालत धुऱ्यापाशी गेले आणि काठीने एक ढीग दाखवला. पेरणीआधी दर वर्षी बाया लावून वावरातले गोटे वेचावे लागतात, नाहीतर तिफणीचा फण अडकतो. ते वेचलेले गोटे धुऱ्यावर टाकायचे. त्यांच्या बापाच्या काळापासून तिथे ढीग साचत आलेला. "याच्यातच हाय पाहा तुमचं. आमी त फेकून देलं."

म्हणजे त्या वावरातलं वेचायचं काम तीन पिढ्यांच्या मजूर बायांनी आधीच करून ठेवलं होतं. त्यांच्यातल्या एकीचंही नाव कुठल्या शोधनिबंधात असणार नाही. पण धुऱ्यावरचा तो ढीग मी बघितला आणि मला त्यांना नमस्कार करावासा वाटला.

पोरं बसली. हाडाचा तुकडा आणि साधा गोटा यांत फरक कसा करायचा ते मी दाखवलं. हाडाच्या तुटक्या बाजूला जाळी दिसते, स्पंजासारखी. आणि एक जुनी युक्ती आहे, धुऊन घेतलेल्या तुकड्याला जिभेचं टोक लावायचं. कोऱ्या मडक्याला ओठ लागला की चिकटतो तसं हाड जिभेला धरतं. गोटा धरत नाही. भाचीने आधी तोंड वाकडं केलं. मग तिने बाटलीतलं अर्धं पाणी एका तपकिरी तुकड्यावर ओतलं, डोळे मिटले आणि जीभ लावली. तिचे डोळे मोठे झाले. तुकडा जिभेला लटकत होता. कोणाचं हाड, कुठल्या भागाचं, मला सांगता आलं नाही, तिलाही त्याची गरज वाटली नाही. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

शेजारच्या पोरीच्या हातात तोवर दुसरंच काही होतं. मुठीएवढं, पिवळट राखाडी, हाताला जड. ती ते उलटंपालटं करून बघत होती, आणि मग जरा संकोचून म्हणाली, "काकू, हे शेनावानी दिसते."

"कशावरून?"

"एका बाजूनं निमूळतं हाय. अन् हे पाहा, घड्या पडल्या. बैल वाळलं कुटार खाते तवा असंच पडते, घट्ट. हिरवा चारा खाल्ला की पसरून जाते."

मी काही सांगितलं नव्हतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण हाच क्षण मला हवा होता. शेणच होतं ते. डायनासोरच्या काळातलं, दगड झालेलं शेण. पिसदुरा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मॅटली नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये इथल्या अशा दगडांचे आकारावरून प्रकार पाडून ठेवले. या पोरीने निमुळतं टोक आणि घड्या बघून जे केलं तेच काम. ती रोज पहाटे गोठा काढते, आईबरोबर गोवऱ्या थापते. शेण बघून जनावर आजारी आहे की धड, काय खाऊन आलंय, हे तिला कळतं. एरवी याच कामासाठी वर्गातल्या मुली तिला चिडवतात, आणि म्हणून तो संकोच.

भाच्याने गोटा नाकाला लावला. वास येत नव्हता. मग तो मला म्हणाला, "पण याच्या आत बघता येईल का, त्याने काय खाल्लं होतं?"

बघता येतं. लोकांनी बघितलं आहे. गवताचं पातं हातातून ओढलं की बोट कापतं ना? धानाचं पातं, ज्वारीचं पातं? कारण गवत मातीतून पाण्याबरोबर सिलिका ओढून घेतं आणि पात्यात तिचे अगदी बारीक कण साठवतं, काचेच्या जातीचे. पातं कुजतं, पचतं, पण ते कण पचत नाहीत. आणि वनस्पतींच्या वेगवेगळ्या गटांत त्या कणांचे आकार वेगळे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या शेणाचे दगड घेऊन त्यातले कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ताडाच्या जातीची झाडं, सूचिपर्णी झाडं, इतर पाला, हे तर निघालंच. पण त्यात गवतही निघालं, निदान पाच प्रकारचं. २००५ मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभरच्या अभ्यासकांना आपलं गणित बदलावं लागलं. तोवर समज असा होता की गवतांचा पसारा वाढला तो डायनासोर संपल्यानंतर, आणि डायनासोरने गवताला कधी तोंड लावलं नसावं. ते शेण बहुधा टायटनोसॉरचं, आणि त्याने थोडं का होईना, गवत खाल्लं होतं. २०११ मध्ये त्याच टीमने पुढचं सांगितलं की त्यातलं काही गवत धानाच्या कुळातलं आहे.

हे सांगताना मला दर वेळी कंठ दाटून येतो, आणि दाटला तर दाटू द्यावा असं मी आता ठरवलं आहे. भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत आज धानाचं हिरवं समुद्रासारखं पसरलेलं असतं. त्याच्या कुळाचा इतका जुना पुरावा कुठे मिळावा, तर वरोऱ्याच्या एका वावरात, शेणात. आणि ते शेण ओळखायला गोठा काढणारी पोर लागावी.

गायक्याच्या पोराने विचारलं, "मंग तो पुरा डायनासोर कोठी हाय?" जवळच्याच डोंगरगावच्या टेकडीत १९८४ ते ८६च्या सुमारास एक सापडला होता. कवटी नव्हती, पण बराचसा सांगाडा होता. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या सोहनलाल जैन यांनी तो शोधला, आणि आता तो त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून इसिसॉरस नावाने ओळखला जातो. हाडं कोलकात्यात आहेत. "आपल्या इथलं कलकत्त्याले काऊन नेलं?" या प्रश्नाला माझ्याजवळ अर्धंच उत्तर आहे. अभ्यास करणारी माणसं, ती हाडं जपणाऱ्या खोल्या तिथे होत्या. नेलं नसतं तर पावसाने आणि बैलांच्या खुरांनी त्याचा चुरा झाला असता. हे खरं. पण गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जसं जागच्या जागी जीवाश्म उद्यान झालं, तसं या पट्ट्यात पोरांना चालत जाता येईल असं एक दालन असावं, हेही तितकंच खरं. या पोराला कोलकात्याला कोण नेणार आहे?

हा राग माझ्या मनात आहे, पण त्याहून मोठं एक शल्य माझं स्वतःचं आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शाळेतल्या चाळीस पोरांना मी अशीच घेऊन गेले होते. उत्साह फार होता, रीत काही नव्हती. हातोड्या दिल्या होत्या. पोरांनी दिसेल ते फोडलं, मिळेल ते उचललं, आणि संध्याकाळी दोन पोती भरून गोटे शाळेत आणले. कुठला तुकडा कुठल्या वावरातला, कुठल्या थरातला, कोणाजवळ काय पडलेलं, एकाचीही नोंद नाही. मी म्हटलं होतं, सावकाश चिठ्ठ्या लावू. सावकाश कधी आलं नाही. पोती साहित्याच्या खोलीत पडून राहिली, आणि एका सुट्टीत शाळेच्या नव्या खोलीच्या पायात भरावाबरोबर गेली. मला कळलं तेव्हा वर फरशी बसली होती. दोष शाळेचा नव्हता. नोंद नसलेला जीवाश्म म्हणजे पायातला गोटाच असतो, त्यांनी त्याला गोट्यासारखं वागवलं. माझ्याकडे त्या दिवसाचा एक फोटो आहे, त्यात एक मुलगी कासवाच्या पाठीचा चांगला तळहाताएवढा तुकडा धरून उभी आहे. तो मी अजून मोठा करून बघते.

तेव्हापासून हातोडी नाही. आता प्रत्येकाजवळ वही असते. सापडलं की आधी जागेवरच राहू द्यायचं, बाजूला आगपेटी ठेवून फोटो काढायचा म्हणजे आकार कळतो, वहीत धुऱ्याची दिशा, पावलं मोजून अंतर आणि मालकाचं नाव लिहायचं, आणि मग चित्र काढायचं. चित्र सगळ्यात महत्त्वाचं. फोटोत डोळा थांबत नाही, चित्र काढताना थांबावं लागतं. हातात घ्या, जीभ लावा, पण जाताना होतं तिथे ठेवा. काही खरंच वेगळं दिसलं तर नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथे नोंदीसकट कळवायचं, उपटून न्यायचं नाही.

शेजारच्या पोरीला ते शेण ठेवून येणं फार जड गेलं. तिने वहीत त्याची चारही बाजूंनी चित्रं काढली, घड्या मोजून लिहिल्या (सात), आणि ढिगावर एका बाजूला, सावलीत येईल असं ठेवलं. मालक बघत होते. म्हणाले, "ने ना पोरी, मले काय कराचं?" तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिने मान हलवली, "राहू द्या बाबाजी. इथंच हाय म्हनून लिवलं मी." ते म्हाताऱ्यांना पटलं असावं, कारण त्यांनी त्याच्यावर एक चपटा दगड आडवा टेकवला, घार-कुत्र्यापासून काही झाकावं तसा.

परतताना आभाळ भरून आलं. गाडीत लहानगा भाचीच्या मांडीवर झोपला. रात्री दहाला पाऊस आला, वळीव नव्हे, मृगाचाच. सकाळी गावात बैलबंड्यांवर खताची पोती चढत होती, आणि दोन दिवसांत आम्ही फिरलेल्या वावरात तिफण फिरली. भाचा-भाची नागपूरला गेली.

दिवाळीच्या आधी भाचीचा फोन आला. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला वहीतली चित्रं पुन्हा काढायची होती, काही अंतरं तिने शेजारच्या पोरीला विचारून घेतली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. शेवटी फोन माझ्याकडे आला.

"मावशी, पिसदुऱ्याचं ते वावर मोकळं झालं का?"

"इतक्यात कुठे," मी म्हटलं. "परवाच सीतादही झाली आपल्याकडे, वेचणीआधीची पूजा. पहिला वेचा सुरू आहे."